सिंधूची कव्हरं

आमच्या घरापासून सिंधूचं घर दोन गल्ल्या पुढे. नुसतं चालत गेलं तर चार मिनिटं, आणि मधे कुणी बोलायला भेटलं तर दहा. नागपुरात महाल भागातल्या गल्ल्या अशाच आहेत. एवढ्या अंतरावरून सिंधू गेल्याची बातमी माझ्याकडे आली ती पुण्याहून. सकाळी मी कणीक मळत होते, दोन्ही हात भरलेले, आणि फोन वाजला. प्राचीचा, म्हणजे माझ्या लेकीचा. ती एवढ्या सकाळी कधी फोन करत नाही. करंगळीनं फोन स्पीकरवर टाकला. "आई, तू आधी बस," ती म्हणाली. "सिंधूमावशी गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" खरंच असं विचारलं मी... कारण आदल्याच आठवड्यात सिंधू मला सांगून गेली होती, की कन्हानच्या पुढे भावाच्या गावाला जाते, आठ-दहा दिवस राहीन म्हणते. ती भावाकडे नव्हती. ती दवाखान्यात होती. सहा महिन्यांपासून तिला कॅन्सर होता. हे तिच्या नवऱ्याला, देवरावभाऊंना, माहीत होतं, तिच्या मुलांना माहीत होतं, आणि आठशे किलोमीटरवर बसलेल्या माझ्या लेकीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

आता सहा आठवडे होत आले. लोक म्हणतात, नलूताई, तुमची एवढी जिवाभावाची मैत्रीण, लिहा काहीतरी तिच्यावर. लिहिते. पण आधीच सांगून टाकते, त्या दिवशी मला रडू आलं नाही. आधी राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते मी चांगलं ओळखते, कारण ते माझ्या घरात पस्तीस वर्षं मुक्कामाला आहे. हेवा. इतकी वर्षं मी सिंधूचा हेवा केला, माझ्या पोरीवरून. आणि ती गेली त्या सकाळी मी माझ्या पोरीचा हेवा केला, सिंधूवरून. कणकेचे हात तसेच घेऊन बसले होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, की मग मी तिची कोण होते?

सिंधू लग्न होऊन आमच्या भागात आली तेव्हा मी शाळेत नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. आमच्याकडे नुकताच फ्रिज आला होता. त्या काळी फ्रिज स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीत ठेवायचा, आल्यागेल्याला दिसला पाहिजे म्हणून. सिंधू विरजण मागायला आली. हातात वाटी, डोक्यावर पदर, आणि विरजणाचं राहिलं बाजूला, फ्रिजकडे बघत उभी. "असा उघडा काहून ठेवला वं ह्याले?" म्हणाली. जणू फ्रिजच्या अंगावर कपडे नाहीत. मी जरा कौतुकानंच सांगितलं की अहो, असाच असतो तो. चौथ्या दिवशी ती कव्हर शिवून घेऊन आली. हिरवं, त्यावर पांढरी फुलं, खाली झालर, बाजूला बाटलीउघडणी आणि मेणबत्ती ठेवायला दोन खिसे. माप कधी घेतलं, विचारलं तर म्हणाली, तुम्ही विरजण आणाले आत गेल्या होत्या नं, तेव्हा. तिची मापाची रीतच वेगळी होती. टेप वापरायची नाही. कमरेला सुतळीचा तुकडा खोचलेला असायचा, लांबीला एक गाठ, रुंदीला दोन, उंचीला तीन. इकडचा धागा तिकडे होत नसे.

त्यानंतर तिनं आमचं अख्खं घर झाकलं. टीव्हीला कव्हर, रेडिओला कव्हर, शिलाई मशीनला, मिक्सरला, पंख्याला हिवाळ्यात, गॅसच्या सिलिंडरला घागऱ्यासारखं. खिडकीतल्या कूलरला तर तिनं ताडपत्रीचा असा काही अंगरखा केला होता, नाड्या वगैरे लावून, की उन्हाळा संपला की अर्धा महाल तिला आपापला कूलर दाखवायला घेऊन जायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. मला तिचं ते सरसकट कव्हर-कव्हर ऐकवत नसे. मी दुरुस्त करायची. उशीचा असतो तो अभ्रा. पुस्तकाला असतं ते वेष्टन. गादीवर असते ती खोळ. भांड्यावर असतं ते झाकण. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं बाप्पा. पण आतलं सांभाळते तं सगळं कव्हरच नं?" एकदा मी नववीच्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला आणि मुलांना विचारलं, सांगा कुठे कुठे वापरतो आपण. अर्धा फळा भरला. वहीचं कव्हर, मोटरसायकलच्या सीटचं कव्हर, पोस्टातून येतं ते कव्हर, क्रिकेटमध्ये कव्हरला उभा राहतो तो, विम्याचं कव्हर. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, बाई, तुम्ही रोज म्हणता ते राहिलं, परीक्षेच्या आधी पोर्शन कव्हर झाला पाहिजे. वर्ग हसला, मीही हसले. घरी जाताना सिंधूला सांगितलं. तिला सगळ्यात विम्याचं आवडलं. "माणसालेही घालतात कव्हर?" म्हणाली आणि बराच वेळ हसत बसली.

प्राची पाचवीत गेली त्या वर्षी पहिली ठिणगी पडली. आमच्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडते, आणि त्याच्या आदल्या रविवारी वह्यापुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायचा कार्यक्रम असतो. मी शिक्षिका. कात्री, चिकटपट्टी, लेबलं, सगळं मांडून बसले. बघते तर पोरगी दप्तर घेऊन गायब. सिंधूकडे. सिंधू चिकटपट्टी लावत नसे, तिच्या घड्याच अशा असत की कागद वहीला धरून बसायचा, वर्षभर. प्राची संध्याकाळी परत आली ती बावीस वह्या घेऊन, सगळ्या एकसारख्या. म्हणाली, "आई, तुझी कव्हरं दिवाळीपर्यंत फाटतात." दहा वर्षांची पोर. खरं तेच बोलली, पण मला असं लागलं की विचारू नका. सिंधूला मूल नव्हतं असं समजू नका. दोन मुलगे आहेत, धडधाकट. थोरला हिंगण्याला कारखान्यात शिफ्टवर जातो, धाकटा कामठीला असतो. दोन असताना तिसरी माझी कशाला पाहिजे होती तिला?

मग मी एक काम केलं, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. प्राचीची इंग्रजीची वही मी मुद्दाम ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला, ओला. कव्हर भिजलं, कागदाला फुगे आले. म्हटलं, अगं बाई, खराब झालं की, आण मी दुसरं घालून देते. पोरीनं वही उचलली, चपला घातल्या आणि गेली दोन गल्ल्या पुढे. सिंधूनं नवं कव्हर घालून दिलं. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, आणि खाकी कागदाचा एक ताव माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "घडी कशी घालाची ते दाखवतो तुले. सोपी आहे." मी म्हणाले, मला वेळ नाही, पेपर तपासायचे आहेत. ती कागद गुंडाळून घेऊन गेली. शिकले असते तर काय बिघडलं असतं... पण नाही शिकले.

पुढे प्राची पुण्याला गेली, नोकरीला लागली. माझ्याशी फोनवर बोलताना ती पुणेरी बोलते, मला, तुला, कशासाठी. तेही एक वेळ ठीक आहे. पण एकदा ती घरी आलेली असताना गच्चीवर सिंधूशी फोनवर बोलत होती आणि मी कपडे वाळत घालत होते. "काहून वं मावशी, तुले सांगितलं होतं नं मी, जेवून घेजो म्हणून." इतकी वर्षं पुण्यात राहून पोरीची बोली शाबूत होती. ती फक्त मावशीसाठी राखून ठेवलेली. मी ओले टॉवेल जरा जास्तच जोरात झटकले. तिनं लग्न ठरवलं तेही सिंधूला माझ्या पंधरा दिवस आधी कळलं होतं. मी त्यावरून सिंधूशी सव्वा महिना बोलले नाही. ती मात्र रोज येत राहिली, माझ्या नवऱ्याशी गप्पा मारायची, चहा घ्यायची आणि मला ऐकू येईल असं म्हणायची, "नलूले सांगा, मी येऊन गेलो म्हणून." मी तिथेच बसलेली असायची, भाजी निवडत.

आम्ही भांडायचो खूप. हे मान्य केलं पाहिजे. म्हणजे मी भांडायची आणि ती सरपण पुरवायची. उशिरा आलीस, लवकर चाललीस, त्या कोपऱ्यावरच्या बाईला आधी कव्हर का दिलं, मला मागून का. ती समोर बसून ऐकायची, मधून मधून एखादं वाक्य असं टाकायची की मी आणखी पेटेन, आणि मग चहा मागायची. शेजारपाजारचे विचारायचे, तुमचं पटत नाही तर कशाला रोज भेटता. दुसऱ्या दिवशी आम्ही परत भेटायचो.

ह्या वर्षीचा उन्हाळा आठवला की मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. मार्चपासून सिंधू डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून यायला लागली, फक्त डोळे उघडे. आता नागपुरात उन्हाळ्यात सगळंच गाव असं फिरतं. पोरी स्कूटीवर, बाया पायी, सगळ्यांची डोकी गुंडाळलेली, सख्खी बहीण समोरून गेली तरी आवाज दिल्याशिवाय कळत नाही. मला काय वेगळं वाटणार? ती घरात येऊन बसली तरी दुपट्टा सोडायची नाही. मी म्हणायची, अगं, घरात कूलर चालू आहे, सोड ना ते. तर म्हणायची, "परत उन्हातच जाचं आहे, कोण दहादा बांधते?" वाळली होती. पण मेमध्ये कुणाला जेवण जातं? काळवंडली होती. पण ऊन कुणाला सोडतं? प्रत्येक गोष्टीला नागपूरच्या उन्हाळ्यानं उत्तर देऊन ठेवलं होतं. केस गेले होते तिचे, दुपट्ट्याखाली. आणि मी शिकलेली बाई, चार महिने तिच्यासमोर बसून तिला म्हणत होते की तू हल्ली फार आळशी झालीस.

प्राची तेरवीला आली. देवरावभाऊंच्या घरी तिनं सगळं काम केलं, पानं वाढली, आल्यागेल्याला पाणी दिलं, आणि रडली. कशी रडली... मी बघत होते आणि मला वाटत होतं, मी गेल्यावर ही अशी रडेल का? आईच्या मनात अशा वेळी असं यावं, किती वाईट. पण आलं. दोन दिवसांनी आम्ही दोघीच घरी होतो, दुपारी. ती चहा करत होती, मी ओट्याला टेकून उभी होते. मग मी विचारलंच. इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, मी दोन गल्ल्यांवर होते. माझ्याकडे रोज येत होती ती. मी दवाखान्यात बसले असते, डबे नेले असते, पाय चेपले असते. मला नाही सांगितलं आणि तुला सांगितलं. तू कोण तिची? माझी मैत्रीण होती ती. तू जन्मायच्या आधीपासून माझी होती.

प्राचीनं गॅस बंद केला. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता ही उलटून बोलणार. ती म्हणाली, "मी शंभरदा सांगितलं तिला, आईला सांग म्हणून. ती म्हणायची, नाही. शपथ घातली होती मला. आणि का ते ऐकायचंय तुला?" मग तिनं मावशीच्या बोलीतच सांगितलं, पुण्याचं 'मला-तुला' गळून गेलं. "मावशी म्हणे, घरात सगळे माह्याशी हळू बोलतात. नवरा हळू बोलते, पोरं हळू बोलतात, सून पाय न वाजवता चालते. डॉक्टरही गोड बोलते. माह्याशी भांडणारी एकच बाई उरली आहे. तिले सांगितलं तं तीही गोड बोलाले लागन. मंग मी जाऊ कुठं?"

मी खाली बसले. ओट्याखालीच, फरशीवर. प्राची माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, आणि आवाज असा कडवट, की क्षणभर मला माझाच आवाज वाटला, "तुला वाटतं मला मावशी मिळाली? मला रिपोर्ट मिळाले, आई. उलट्या किती झाल्या, पांढऱ्या पेशी किती, कुठली गोळी सकाळची. रोज फोनवर हेच. मी हसवायला गेले तरी ती हसायची नाही. आणि तुझ्याकडे जाऊन आली की वेगळीच असायची. म्हणायची, आज तुह्या मायनं मले मिक्सरच्या कव्हरवरून असं झापलं, असं झापलं, आणि हसत सुटायची. तिला दम लागेपर्यंत. मला तुझा इतका राग यायचा. मला आजारी मावशी मिळाली आणि तुला शेवटपर्यंत चांगली मिळाली."

मिक्सरचं मला आठवत होतं. न आठवून सांगते कुणाला... पंधरा दिवस तेच तर मनात घोळत होतं. जूनमध्ये तिनं नवं कव्हर शिवून आणलं, निळ्या चौकटीचं. एक बाजू वर, एक खाली, शिवण पार वाकडी. सिंधूची शिवण आणि वाकडी. मी ते तिच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "हे काय आणलंस? डोळे मिटून शिवलंस का? माझ्याकडे असलं चालायचं नाही, उसव आणि नीट करून आण." तिच्या हातात ताकद राहिली नव्हती, सुई नीट धरता येत नव्हती, हे मला आता कळतं. तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, दुपट्ट्यातून दिसणारे ते दोन डोळे, आणि म्हणाली, "भल्ली खडूस आहेस वं तू." आणि कव्हर पिशवीत टाकून घेऊन गेली. एका मरणाऱ्या बाईला मी शिवण उसवायला लावली, ही गोष्ट मी देवासमोरही बोलू शकले नव्हते. आणि माझी पोरगी मला सांगत होती की त्या दिवशी ती हसत होती.

खोटं कशाला सांगू? मला बरं वाटलं. प्राची रडत होती, तिच्या पाठीवर मी हात फिरवत होते, तिचं खरंच वाईट वाटत होतं, आणि तरी आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं, आणि सिंधूवरून करत होतं. ह्याची लाज वाटायला पाहिजे. वाटते थोडी. पण लाज वाटते म्हणून बरं वाटलेलं काही परत देता येत नाही.

प्राची पुण्याला गेली. जाताना म्हणाली, आई, मिक्सरचं ते कव्हर मला दे, मावशीच्या हातचं शेवटचं. मी म्हटलं, बाकी काय पाहिजे ते ने, कूलरचं ने, टीव्हीचं ने, ते मिळायचं नाही. ती चिडली, मीही आवाज चढवला, रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. नाही दिलं. सिंधूनं ते दुसऱ्यांदा शिवून आणलं होतं, भावाकडे जाते म्हणून सांगायला आली त्याच दिवशी. घाईत मी ते उघडूनही बघितलं नव्हतं, तसंच मिक्सरवर चढवलं होतं. आता रोज सकाळी चटणी वाटायच्या आधी ते काढते आणि नंतर परत घालते, म्हणून नीट दिसतं. दुसऱ्यांदा शिवलेलंही वाकडंच आहे. पहिल्यापेक्षा जास्त. ती आत्ता दारात येऊन उभी राहिली, तर मी ते तिसऱ्यांदा उसवायला लावीन.